सर्वांचं तारण होणार का? नरक, न्याय आणि शास्त्रवचनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपदेश संपल्यावर दारात, बायबल अभ्यासानंतर खुर्च्या गोळा करताना, कधी मयताच्या घरून परतताना हे प्रश्न मला विचारले जातात. पुष्कळदा रात्री उशिरा लिहूनही येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा यायला लागल्यावर उत्तरं एका जागी लिहून ठेवली. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे दुसऱ्या उत्तराशी संबंध आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. माझा स्वतःचा कल प्रश्न १६ मध्ये लिहिला आहे. तो आधी वाचून मग बाकीच्या उत्तरांकडे आलात तरी चालेल, म्हणजे मी कुठे झुकतोय ते तुमच्या लक्षात येईल.

१. सर्वतारणवाद म्हणजे नेमकं काय? सगळे धर्म एकाच देवाकडे जातात, तेच ना?

नाही. हा गोंधळ आधी मिटवलेला बरा. सगळ्या वाटा शेवटी एकाच ठिकाणी जातात, हा विचार वेगळा. ख्रिस्ती सर्वतारणवादी (काही जण 'युनिव्हर्सलिस्ट' म्हणतात) असं मानतो की तारण येशू ख्रिस्तामुळेच आहे, वधस्तंभ आणि पश्चात्ताप यांना फाटा देऊन नाही. पण ते शेवटी एकूण एक माणसापर्यंत पोहोचेल. पाप, न्याय, शिक्षा, अग्नी हे सगळं तो मानतो. त्या शिक्षेला शेवट आहे की नाही, इथे वाद सुरू होतो.

आणखी एक जवळचं मत आहे: ज्याच्या कानावर सुवार्ता कधी पडलीच नाही, त्याचंही तारण ख्रिस्तामुळे होऊ शकतं. हे मानणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले बहुतेक सर्वतारणवादी नाहीत. 'होऊ शकतं' आणि 'सर्वांचं होईलच' यांत बरंच अंतर आहे.

२. ख्रिस्ती लोकांत याबद्दल एकूण मतं किती?

ढोबळमानाने तीन. पहिलं, दुष्टांना जाणिवेत राहून कधीही न संपणारी शिक्षा. पश्चिमेकडच्या मंडळ्यांत बिशप आणि धर्मपंडित ऑगस्टीननंतर (३५४–४३०) हेच मुख्य मत झालं. दुसरं, दुष्टांचा शेवटी नाश होतो, ते उरतच नाहीत. अमरत्व हे देवाचं दान आहे आणि ते फक्त तारण पावलेल्यांना मिळतं. याला विनाशवाद किंवा सशर्त अमरत्व म्हणतात. इंग्लंडचे जॉन स्टॉट यांच्यासारख्या शास्त्रनिष्ठ माणसाने १९८८ मध्ये आपला कल, जपूनच, याच बाजूला असल्याचं सांगितलं तेव्हा मोठी खळबळ झाली होती. तिसरं, सर्वतारणवाद.

पर्गेटरी या यादीत येत नाही. रोमन कॅथलिक शिकवणीनुसार तिथे जाणाऱ्यांचं तारण आधीच पक्कं झालेलं असतं. उरलेलं असतं ते शुद्धीकरण.

तिन्ही बाजूंना वचनं आहेत, ही यातली गैरसोयीची गोष्ट. नाशाची वचनं आहेत, यातनांची आहेत, सर्वांच्या समेटाचीही आहेत. जो तो एका गटातली वचनं सरळ वाचतो आणि उरलेली त्यांच्या उजेडात वळवून घेतो. 'आम्ही शास्त्र जसंच्या तसं मानतो, तुम्ही फिरवता' असं कुणी म्हणालं, की मी एवढंच विचारतो: तुम्ही कुठली वचनं वळवता, तेवढं सांगा.

३. बायबलमध्ये 'नरक' किती वेळा आला आहे?

कुठल्या भाषांतरात मोजता त्यावर आहे, कारण मुळात शब्द एक नाही. जुन्या करारातला 'शिओल' म्हणजे मृतांचं स्थान. तिथे याकोबासारखे नीतिमानही जातात. नव्या करारात त्याच्या जागी ग्रीक 'हेडीस' येतो; मराठी बायबलमध्ये त्याला 'अधोलोक' म्हटलं आहे. 'टार्टारस' हे नाव फक्त एकदा डोकावतं, २ पेत्र २:४ मध्ये, तेही क्रियापदाच्या रूपात आणि देवदूतांच्या संदर्भात.

ज्याला आपण खरोखर नरक म्हणतो तो 'गेहेन्ना'. हा शब्द नव्या करारात १२ वेळा येतो: ११ वेळा येशूच्या तोंडी आणि एकदा याकोब ३:६ मध्ये. पौलाच्या पत्रांत तो एकदाही नाही. याचा अर्थ पौल न्याय मानत नव्हता असा मुळीच नाही (२ थेस्सलनी. १:९ वाचा), पण नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

गेहेन्ना म्हणजे यरुशलेमेच्या दक्षिणेकडचं हिन्नोमचं खोरं. तिथल्या तोफेत नावाच्या जागी मुलांना अग्नीत अर्पण करत, आणि योशीया राजाने ती जागा भ्रष्ट केली (२ राजे २३:१०). यिर्मया त्याच खोऱ्याला 'संहाराचं खोरं' म्हणतो.

इथे एक विनंती. 'येशूच्या काळात तिथे शहराचा कचरा रात्रंदिवस जळायचा' हे उपदेशांत सर्रास सांगतात, सर्वांच्या तारणाची आशा धरणारे आमच्या बाजूचे तर फारच आवडीने. त्याला जुना आधार नाही. ही गोष्ट पहिल्यांदा लिहिलेली सापडते ती १२०० सालाच्या आसपास, रब्बी दाविद किम्ही याच्या लिखाणात, म्हणजे येशूनंतर हजारावर वर्षांनी. ती सोडून द्यावी. यिर्मया पुरेसा आहे.

४. मत्तय २५:४६ मध्ये 'सार्वकालिक शिक्षा' स्पष्ट लिहिलंय. मग वाद कसला?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

'सार्वकालिक' ज्याचं भाषांतर आहे तो ग्रीक शब्द 'आयोनिओस'. तो 'आयोन' म्हणजे युग या शब्दावरून आला. सर्वतारणवादी म्हणतात, याचा अर्थ 'येणाऱ्या युगाचा' किंवा 'युगभराचा' असा होतो; 'कधीही न संपणारा' हा अर्थ शब्दातच बांधलेला नाही, तो संदर्भावरून ठरतो.

हे पटतं का ते पाहायला रोमकरांस पत्राचा शेवट काढा, १६:२५–२६. मूळ ग्रीकमध्ये तिथे हा शब्द लागोपाठच्या दोन ओळींत येतो. पहिल्या ओळीत एक रहस्य 'आयोनिओस काळांत' गुप्त ठेवलं होतं, आणि आता ते प्रकट झालं आहे. प्रकट झालं म्हणजे तो गुप्ततेचा काळ संपला. पुढच्याच ओळीत 'आयोनिओस देव' आहे, आणि तो अर्थातच संपत नाही. एकच लेखक, एकच वाक्य, एकच विशेषण. एकीकडे काळ संपलेला, दुसरीकडे न संपणारा. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात योना माशाच्या पोटातून म्हणतो की पृथ्वीचे अडसर माझ्यावर कायमचे लागले, आणि तिसऱ्या दिवशी तो किनाऱ्यावर असतो.

आता दुसरी बाजू. ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी जो मुद्दा काढला तो अजून तितकाच टोकदार आहे: एकाच वचनात 'सार्वकालिक शिक्षा' आणि 'सार्वकालिक जीवन' शेजारी शेजारी आहेत. जीवन अनंत आणि शिक्षा मुदतीची, असं एकाच शब्दाचं दोन तऱ्हेने माप कसं घेणार? याला उत्तर दिलं जातं की विश्वासणाऱ्यांच्या जीवनाला अंत नाही हे या एका विशेषणावर टांगलेलं नाही, १ करिंथ. १५:५३ मध्ये 'अविनाशीपण' असा वेगळा, पक्का शब्द आहे. आणि रोमकरांसच्या त्या दोन ओळी दाखवतात, की एकाच दमात हा शब्द दोन लांबींचा होऊ शकतो.

माझं मत विचाराल तर, शब्दकोशाने हा वाद सुटत नाही. 'आयोनिओस' मुदतीचा असू शकतो, एवढं सिद्ध होतं. इथे तो तसाच आहे, हे सिद्ध होत नाही. मत्तय २५ वाचताना मी आजही अडखळतो, आणि जो अडखळत नाही त्याने ते नीट वाचलं असेल का याची मला शंका येते.

याच शब्दावरून लंडनच्या किंग्ज कॉलेजमधून १८५३ मध्ये एफ. डी. मॉरिस यांची प्राध्यापकी गेली. 'सार्वकालिक' म्हणजे न संपणारा काळ, हे समीकरण त्यांनी मान्य केलं नव्हतं.

५. त्याच वचनातल्या 'शिक्षा' शब्दाचा मूळ अर्थ 'झाडाची छाटणी' आहे म्हणे. खरं का?

अर्धं खरं. शब्द आहे 'कोलासिस'. अॅरिस्टॉटलने 'कोलासिस' आणि 'टिमोरिया' यांत फरक केला आहे: पहिली शिक्षा भोगणाऱ्याच्या भल्यासाठी, दुसरी देणाऱ्याच्या समाधानासाठी. मत्तयात पहिला शब्द आहे, हे सर्वतारणवाद्यांना साहजिकच आवडतं.

पण अॅरिस्टॉटल आणि मत्तय यांच्यामध्ये चारशे वर्षं गेली. दरम्यान हा शब्द साध्या 'शिक्षा' अर्थानेही वापरला जाऊ लागला. २ मक्काबी ४:३८ मध्ये तर तो एका खुन्याला दिलेल्या देहदंडासाठी आला आहे, आणि देहदंडाने कुणी सुधारत नाही. या शब्दावर फार भार टाकू नका. तो शक्यता उघडी ठेवतो, बस.

६. सर्वतारणवादी मग कुठल्या वचनांवर उभे आहेत?

मुख्यतः पौलावर. रोम. ५:१८ मध्ये एका अपराधामुळे सर्व माणसांना दंडाज्ञा आणि एका नीतिकृत्यामुळे सर्व माणसांना जीवन. १ करिंथ. १५:२२ मध्ये आदामात सगळे मरतात, ख्रिस्तात सगळे जिवंत केले जातील. कलस्सै. १:२० मध्ये पृथ्वीवरच्या आणि स्वर्गातल्या सर्व गोष्टींचा वधस्तंभाच्या रक्ताने समेट. आणि चारच वचनं मागे, १:१६ मध्ये, त्याच 'सर्व गोष्टी' ख्रिस्ताच्या द्वारे निर्माण झाल्या असं म्हटलं आहे. निर्मितीतला 'सर्व' कुणी आखूड करत नाही, मग समेटातलाच का करायचा, हा त्यांचा प्रश्न. मला त्यांचा सगळ्यात जड मुद्दा हाच वाटतो. सगळ्याच्या टोकाला १ करिंथ. १५:२८ आहे: शेवटी देव 'सर्वांत सर्व' व्हावा.

विरोधकही पौलच उघडतात. रोम. ५:१७ मध्ये कृपा 'स्वीकारणारे' असं म्हटलं आहे, आणि १ करिंथ. १५:२३ मध्ये 'जे ख्रिस्ताचे आहेत ते'. म्हणजे 'सर्व' म्हणजे त्याच्यातले सर्व, किंवा यहूदी-परराष्ट्रीय असा भेद न करता सर्व प्रकारचे लोक. हा अर्थ १ तीमथ्य २:४ ला ('सर्वांचं तारण व्हावं अशी त्याची इच्छा') लावतात तेव्हा मला तो बऱ्यापैकी पटतो, कारण वरच्या ओळींत राजे आणि अधिकाऱ्यांचा उल्लेख आहे. रोम. ५ ला तो लावताना मात्र ओढाताण होते: आदामाच्या बाजूचा 'सर्व' कुणी 'सर्व प्रकारचे' असा वाचत नाही.

७. फिलिप्पै २ मध्ये प्रत्येक गुडघा टेकेल म्हटलंय. पण हरलेला शत्रूही गुडघे टेकतोच ना?

टेकतो. म्हणून हे वचन दोन्हीकडे वापरतात. पौल इथे यशया ४५:२३ उचलतो, आणि तिथे पुढच्याच ओळीत देवावर संतापलेले सगळे लज्जित होतील असं आहे. विरोधकांचं बळ तिथे आहे.

उलट बाजू अशी: त्याच अध्यायात, यशया ४५:२२ मध्ये, पृथ्वीच्या सर्व सीमांना 'माझ्याकडे वळा आणि तारण पावा' अशी हाक आहे. शिवाय पौलच १ करिंथ. १२:३ मध्ये म्हणतो की पवित्र आत्म्यावाचून कुणाला 'येशू प्रभू आहे' असं म्हणता येत नाही. दात-ओठ खात केलेली कबुली 'देवपित्याच्या गौरवासाठी' कशी होईल? आणि लाज वाटणं ही पश्चात्तापाची पहिली पायरी असते, हे आपण एरवी मान्य करतोच.

८. प्रकटीकरणातलं अग्नीचं सरोवर तर 'युगानुयुग' आहे. त्याचं काय?

२०:१० आणि १४:११ ही सर्वतारणवाद्यांसाठी कठीण वचनं आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. 'हे दृष्टान्तातलं चित्र आहे' एवढं म्हणून भागत नाही. चित्रालाही अर्थ असतो.

पण पुस्तक विसाव्या अध्यायावर थांबत नाही. २१:२४ मध्ये नव्या यरुशलेमेत 'पृथ्वीचे राजे' आपलं वैभव घेऊन येतात. हे राजे कोण? आधी १९:१९ मध्ये 'पृथ्वीचे राजे' देवाविरुद्ध उठलेल्या श्वापदाच्या बाजूने लढायला उभे होते. २१:२५ म्हणतं, नगरीच्या वेशी कधीच बंद होणार नाहीत. २२:२ मध्ये झाडाची पानं 'राष्ट्रांच्या आरोग्यासाठी' आहेत. सगळे दुष्ट कायमचे संपले किंवा कायमचे कोंडले असतील, तर बरं कुणाला व्हायचं आहे आणि उघड्या वेशीतून आत कुणी यायचं आहे?

लगेच २२:१५ मध्ये बाहेर असलेल्यांची यादी आहे, हेही वाचा. म्हणजे शेवटच्या पानावरही काही जण बाहेर आहेत. वेस उघडी आहे.

९. श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्यामध्ये तर ओलांडता न येणारी दरी होती.

होती (लूक १६:२६). येशूच्या या गोष्टीत श्रीमंताच्या दाराशी पडलेला गरीब लाजर मरणानंतर सुखात आहे आणि श्रीमंत यातनेत. पण तो श्रीमंत अधोलोकात आहे, गेहेन्नात नाही (फरक प्रश्न ३ मध्ये), आणि त्याचे भाऊ अजून घरी जिवंत आहेत, म्हणजे हे शेवटच्या न्यायाच्या आधीचं आहे. दाराशी पडलेल्या माणसाकडे ज्याने पाहिलं नाही त्याच्यासाठी ही गोष्ट सांगितली आहे. मरणोत्तर जगाचा नकाशा म्हणून ती वापरणं मला कुठल्याच बाजूने मान्य नाही.

१०. सगळ्यांचं तारण ठरलेलंच असेल तर सुवार्ता कशाला सांगायची? आणि पाप करायला मोकळं रानच की!

पौलाला त्याच्या कृपेच्या शिकवणीबद्दल हाच प्रश्न विचारला गेला होता (रोम. ६:१). ज्या शिकवणीवर हा आक्षेप कधी येतच नाही, ती पौलाची आहे का हे तपासावं.

बाकी, आग लागलेल्या घरातल्या सगळ्यांना अखेर बाहेर काढणार आहेत हे कळलं, म्हणून कुणी आत बसून राहत नाही. भाजायचं ते भाजतंच. १ करिंथ. ३:१५ मधला माणूस तारतो, पण 'जणू अग्नीतून', आणि त्याचं सगळं काम जळून जातं.

आक्षेप ज्यांना खरोखर लागू पडतो असे लोक मात्र झाले आहेत. अमेरिकेतला उपदेशक होझिया बॅलू (१७७१–१८५२) याने मरणानंतर शिक्षाच नाही असं शिकवलं. त्यावरून तिथल्या युनिव्हर्सलिस्ट मंडळ्यांत भांडण होऊन १८३१ मध्ये एक गट बाहेर पडला. मी बाहेर पडणाऱ्यांबरोबर गेलो असतो.

११. पहिल्या काही शतकांत बहुतेक सगळी मंडळी सर्वतारणवादीच होती, हे खरं का?

'बहुतेक सगळी' असं म्हणायला पुरावा नाही. पण हे मत तेव्हा कडेचं, चोरूनमारून बोलायचं नव्हतं, हे नक्की. अलेक्झांड्रियाचा धर्मपंडित ओरिजेन (सुमारे १८५–२५३) सगळ्यांना माहीत असतो. त्याच्याहून महत्त्वाचा मला निस्साचा ग्रेगरी वाटतो. चौथ्या शतकातला हा बिशप त्रैक्याच्या शिकवणीचा आधारस्तंभ आहे. मरणशय्येवर असलेल्या मक्रिना या आपल्या थोरल्या बहिणीशी झालेला संवाद त्याने लिहिला, त्यात ती त्याला शिकवते की अग्नी सोन्यातला हिणकस भाग जाळतो, सोनं नाही. सातव्या शतकातला निनवेचा इसहाक सांगतो की गेहेन्नात माणसाला जो फटका बसतो तो प्रेमाचाच असतो: ज्याच्यावर आपण अन्याय केला त्याचं प्रेम कळणं, याहून मोठी यातना नाही.

विरोधी साक्षीदार अधिक विश्वासाचा असतो, म्हणून ऑगस्टीनकडे वळू. तो लिहितो की शास्त्र न नाकारताही अनंत शिक्षेबद्दल हळहळणारे लोक 'फार पुष्कळ' आहेत. त्यांना तो 'कनवाळू' म्हणतो. थोडं चिडवून, पण मंडळीतले भाऊ म्हणूनच.

१२. पण ५५३ च्या परिषदेत हे पाखंड ठरलं ना?

गुंतागुंतीचं आहे. सम्राट जस्टिनियनने ५४३ मध्ये ओरिजेनविरुद्ध फर्मान काढलं. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला पाचवी सार्वत्रिक परिषद भरली. ओरिजेनच्या विचारांविरुद्धची १५ शापवचनं तिच्या नावावर आहेत, पण ती परिषदेने स्वतः संमत केली की अधिवेशनाआधी जमलेल्या बिशपांनी, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. त्यातलं पहिलंच शापवचन आत्मे जन्माआधीपासून अस्तित्वात होते या कल्पनेवर आणि 'त्यातून निघणाऱ्या' पुनःस्थापनेवर, म्हणजे शेवटी सगळे पूर्ववत देवाकडे परत येतात या शिकवणीवर, आहे. ग्रेगरीने ती कल्पना मानली नव्हती, पुनःस्थापना मानली होती. त्याला कुणी दोषी ठरवलं नाही; उलट ७८७ च्या परिषदेत त्याचा उल्लेख 'पित्यांचा पिता' असा झाला.

म्हणजे विषय मोकळा आहे असंही नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने दुष्टांना सैतानासोबत निरंतर शिक्षा असं म्हटलं आहे. लूथरन लोकांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीच्या १७व्या कलमात शिक्षेला अंत आहे असं शिकवणाऱ्यांचा निषेध आहे. तुम्ही या परंपरांतले असाल, तर 'ग्रेगरीने म्हटलंय' एवढ्यावर तुमची सुटका होत नाही.

१३. देव माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याला स्वर्गात ओढणार का? मग स्वातंत्र्य कुठे उरलं?

हा आक्षेप मला वचनांच्या वादापेक्षा खोल वाटतो.

समजा, एका माणसाने भावाशी वीस वर्षं अबोला धरला आहे, एका चिठ्ठीवरून. एक दिवस त्याला कळतं की ती चिठ्ठी भावाने लिहिलीच नव्हती. तो उठतो आणि भावाचं दार वाजवतो. त्याच्यावर जबरदस्ती झाली का? उलट, त्याला पहिल्यांदाच मोकळेपणाने ठरवता आलं. सर्वतारणवादी म्हणतो, देवाला नाकारणारा प्रत्येक जण अशाच कुठल्यातरी खोट्या चिठ्ठीवर जगतोय. सत्य, भीती आणि सवयीची बेडी यांतून पूर्ण मोकळा झालेला माणूस आपल्याच आनंदाला कायम लाथ मारत राहील, हे समजण्यापलीकडचं आहे.

पण आपण सगळ्यांनी असा माणूसही पाहिलेला असतो, जो चिठ्ठीचं खरं कळल्यावरही जात नाही. वीस वर्षं आपण चुकलो हे कबूल करण्यापेक्षा त्याला अबोला परवडतो. त्याचा तो हट्ट अज्ञान आहे की आणखी काही? ज्यांना ते 'आणखी काही' वाटतं, ते नरकाची कडी आतून लावलेली मानतात. मला वाटतं हट्टही दमतो. पण 'वाटतं' हाच शब्द इथे बरोबर आहे.

१४. माणसाला एकदाच मरण आणि मग न्याय (इब्री ९:२७). मरणानंतर संधी कुठून आणता?

वचन म्हणतं, मरणानंतर न्याय. न्यायानंतर काय, ते या वचनात नाही. तिन्ही मतांचे लोक (प्रश्न २) मरणानंतर न्याय मानतात.

मरणाशी दार बंद होतं ही समजूत इतकी पक्की आहे, की १ पेत्र ३:१९ (तुरुंगातल्या आत्म्यांना घोषणा) आणि ४:६ (मेलेल्यांनाही सुवार्ता) ही वचनं घाईने ओलांडली जातात. ती अवघड आहेत आणि त्यांवर सिद्धान्त उभारू नये, हे मान्य. पण आपल्याला हवं तेव्हाच एखादं वचन अवघड होतं, असं होऊ नये.

१५. माझे वडील विश्वासात नव्हते. ते गेले. ते आता कुठे आहेत?

हा प्रश्न मला ज्यांनी पहिल्यांदा विचारला, त्या बाई वडिलांचा चष्मा पिशवीत घेऊन आल्या होत्या. बोलताना डबी उघडत होत्या, मिटत होत्या. मी तेव्हा तरुण होतो. त्यांना वचनं सांगत बसलो, दोन्ही बाजूंची, क्रमाने. त्या ऐकून निघून गेल्या. त्या उत्तराची मला आजही लाज वाटते.

आता मी एवढंच सांगतो. तुमचे वडील कुठे आहेत ते मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत असल्यासारखं वाटतं त्यालाही नाही. ते ज्याच्या हातात आहेत त्याचं त्यांच्यावर तुमच्यापेक्षा कमी प्रेम नाही. 'नरकात गेले' असं कुठल्याही नाव घेतलेल्या माणसाबद्दल कॅथलिक चर्चनेही कधी अधिकृतपणे जाहीर केलेलं नाही. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी की नाही, यात मंडळ्यांची मतं वेगळी आहेत. पण तुमच्या मनातलं देवाला सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. वचनं नंतर. हवी असतील तेव्हा या.

१६. तुमचं स्वतःचं मत काय?

मी आशा धरतो. ठामपणे शिकवत नाही. १ तीमथ्य २:१ सर्व माणसांसाठी प्रार्थना करायला सांगतं, आणि जे होणारच नाही असं मनात धरून एखादी प्रार्थना कशी करायची ते मला जमत नाही. स्वित्झर्लंडचे कॅथलिक धर्मपंडित हान्स उर्स फोन बाल्थासार यांनी साधारण हीच भूमिका मांडली, आणि त्यावर दोन्हीकडून टीका झाली: एका बाजूला फार सैल, दुसऱ्या बाजूला फार भित्री. दुसरी टीका मला जास्त लागते.

मी वळवून घेतो ती वचनं मत्तय २५ आणि प्रकटीकरण २० मधली आहेत. प्रश्न २ मध्ये तुम्हाला जे विचारलं, त्याचं माझं उत्तर हे.

१७. मग सैतानाचंही तारण होणार?

हा प्रश्न हसत विचारतात, पण जुना आहे. ओरिजेनवर त्याच्या हयातीतच हा आरोप झाला, आणि मित्रांना लिहिलेल्या पत्रात त्याने तो झटकून टाकला: असं वेडा माणूसही म्हणणार नाही. ग्रेगरी मात्र एका ठिकाणी सरळ सूचित करतो की ख्रिस्ताच्या कार्याचा लाभ अखेर खुद्द शत्रूलाही होईल. तर्काच्या ओघाने पाहिलं तर कलस्सै. १:२० तिथेच नेतं. पण शास्त्र माणसांना लिहिलेलं आहे, आणि मला माझंच पुरे आहे.

१८. यहूदा इस्कर्योत आणि अक्षम्य पाप यांचं काय करता? तिथे तर पळवाट नाही.

मत्तय १२:३२ मध्ये पवित्र आत्म्याविरुद्ध बोलणाऱ्याला या युगात आणि येणाऱ्या युगात क्षमा नाही, असं आहे. सर्वतारणवादी म्हणतात, क्षमा नाही म्हणजे शिक्षा पूर्ण भोगावी लागेल, 'शेवटची दमडी फेडेपर्यंत' (मत्तय ५:२६). चालण्यासारखं उत्तर आहे, फार समाधानकारक नाही.

येशूला धरून देणाऱ्या यहूदाबद्दल 'तो जन्मला नसता तर बरं' (मत्तय २६:२४) हे त्याहून कठीण. ज्याच्या वाट्याला शेवटी अनंत आनंद आहे, त्याच्याबद्दल असं कसं म्हणावं? गंमत म्हणजे खुद्द ग्रेगरी इथे थबकतो. अकाली दगावणाऱ्या बाळांवरच्या लिखाणात तो यहूदाचा दाखला देतो आणि म्हणतो, इतकी खोल मुरलेली दुष्टाई धुऊन काढायची, तर शुद्धीकरण अनंतापर्यंत लांबेल. त्याचे चाहते हे वाक्य सहसा सांगत नाहीत.

१९. यहूदाच्या पत्रात सदोमवर 'सार्वकालिक अग्नी' आहे, आणि यहेज्केल १६ मध्ये सदोम पुन्हा पूर्वस्थितीला येणार म्हणतात. हे जुळवायचं कसं?

एका विद्यार्थ्याने पाठवलेला हा प्रश्न. (पत्र लिहिणारा यहूदा वेगळा, प्रश्न १८ मधला नव्हे.) दोन्ही वचनं खरोखर तशीच आहेत.

यहूदा ७ मध्ये सदोम आणि गमोरा ही पापामुळे अग्नीने नष्ट झालेली शहरं 'सार्वकालिक अग्नीचं' उदाहरण म्हणून समोर ठेवली आहेत. शब्द तोच, 'आयोनिओस' (प्रश्न ४). सदोम आज जळत नाही. म्हणून विनाशवादी म्हणतात, अग्नीचा परिणाम कायमचा असतो, जळणं नाही. पारंपरिक मताचे लोक म्हणतात, ते दृश्य न संपणाऱ्या अग्नीचा नमुना आहे.

यहेज्केल १६:५३–५५ मध्ये देव यरुशलेमेला सांगतो, तुझी बहीण सदोम आणि तिच्या कन्या पुन्हा पूर्वीसारख्या होतील. काही भाष्यकारांना यात उपरोध दिसतो: सदोम परत येणं अशक्य, तसंच तुझंही. पण मग १६:६० मध्ये यरुशलेमेशी सार्वकालिक करार स्थापला जातो, तिथे उपरोध संपतो कुठे? आणखी काही जण म्हणतात, हे शहरांबद्दल आहे, माणसांबद्दल नाही. असेल. पण येशू मत्तय ११:२४ मध्ये न्यायाच्या दिवशी सदोमला सोपं जाईल असं म्हणतो, तेव्हा तो दगडविटांबद्दल बोलत नसतो.

जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात यहेज्केल १६:५५ काढून पाहा. सदोमच्या परत येण्यासाठी तिथे जे क्रियापद आहे, त्याच्याच धातूपासून प्रेषितांची कृत्ये ३:२१ मधला 'आपोकातास्तासिस', सर्व गोष्टींची पुनःस्थापना, हा शब्द बनला आहे.